टाकीवरच्या माणसाला मी झाडावर काढलं

चंद्रपूरच्या ऑफिसात मला सगळे ‘कार्टूनवाली मॅडम’ म्हणायचे. माझं खरं काम कॉम्प्युटर सांभाळण्याचं. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या तालुक्यांच्या गावी जी सेवा केंद्रं आहेत, जिथे लोक दाखल्यांसाठी येतात, पेन्शनसाठी अंगठा द्यायला येतात, तिथली यंत्रं चालू ठेवायचं कंत्राट आमच्या कंपनीकडे होतं. प्रत्येक केंद्रावर कंपनीचा एक माणूस, आणि त्या सगळ्यांचे फोन घ्यायला चंद्रपुरात दुसऱ्या मजल्यावर आम्ही नऊ जण. मुख्य ऑफिस पुण्याला. काही बिघडलं की केंद्रावरचा माणूस तक्रार टाकायचा. त्या तक्रारीला आम्ही तिकीट म्हणायचो. उघडं तिकीट पडद्यावर लाल दिसायचं, बंद केलं की हिरवं. आमचा सगळा दिवस लालाचं हिरवं करण्यात जायचा.

कार्टूनची सुरुवात सोमवारच्या मीटिंगमुळे झाली. पुण्याची मंडळी दीड तास बोलायची आणि आम्ही कानाला हेडफोन लावून ऐकायचो. आम्हाला कुणी काही विचारत नसे. प्रिंटरमधून खराब निघालेल्या कागदांच्या पाठीवर मी तीन चौकटी आखल्या. पहिलीत फोनवरचा माणूस म्हणतो, “मॅडम, मशीन बंद पडली.” दुसरीत मी म्हणते, “बंद करून चालू करा.” तो म्हणतो, “बंदच आहे.” तिसऱ्या चौकटीत मी म्हणते, “छान, म्हणजे अर्धं काम झालं.” शेजारच्या टेबलावरच्या मुलीने तो कागद वाचला तेव्हा तिचा माइक चालू होता. तिचं हसणं थेट पुण्याला ऐकू गेलं. पुण्याहून कुणीतरी विचारलं, “काय झालं तिकडे?” ती म्हणाली, “ठसका लागला, सर.”

त्या दिवसापासून आठवड्याला एक कार्टून ठरूनच गेलं. भिंतीवरच्या फळ्याला टाचायचं आणि फोटो काढून केंद्रावरच्या माणसांच्या ग्रुपवर टाकायचं.

आमच्या साहेबांचं तोंड मी परातीसारखं गोल काढायची. एका कार्टूनमध्ये साहेब विचारतात, “हे तिकीट किती दिवसांचं आहे?” मी म्हणते, “चाळीस.” साहेब म्हणतात, “मग बंद करा आणि नवीन उघडा. म्हणजे आजचं होईल.” हे कार्टून फळ्यावर लावण्याआधी मी दोनदा केबिनकडे पाहिलं, कारण ते वाक्य साहेबांचंच होतं, शब्दाला शब्द. साहेब फळ्यासमोर उभे राहिले, वाचलं, मोठ्याने हसले आणि म्हणाले, “मला याची एक चांगली प्रत काढून द्या.” ती प्रत त्यांनी फ्रेम करून आपल्या केबिनमध्ये लावली. आम्हाला वाटलं, साहेब किती मोकळ्या मनाचे. तिकिटं मात्र पुढेही तशीच बंद होत राहिली आणि नवीन उघडत राहिली. फरक इतकाच पडला की आता ते करताना आम्ही हसायचो.

आज कुणी मला विचारलं की ऑफिसची असली कार्टूनं कॉम्प्युटरवाल्यांना खरंच हसवतात का, तर मी हो म्हणेन. पोट धरून हसवतात. पण साहेबांनी ते चित्र भिंतीवर लावलं त्या दिवशी मी थोडा विचार करायला हवा होता. ज्याच्यावर चित्र काढलं त्यालाच ते केबिनमध्ये लावावंसं वाटतं, म्हणजे त्याला ते कुठेच लागलेलं नाही. मी तो विचार केला नाही. मला कौतुक हवं होतं आणि ते मिळत होतं.

एटापल्लीच्या केंद्रावर एक भाऊ होते. पंचेचाळिशीचे, तिकडच्याच एका खेड्यातले, घरी धानाची शेती. मराठी, हिंदी, माडिया, तिन्ही भाषा सारख्याच सहज बोलायचे. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला मॅडम. बाकीच्या केंद्रांवरची माणसं कार्टून पाहून ग्रुपवर हसणारे चेहरे पाठवायची. भाऊंकडे चित्र उघडायचंच नाही. मग त्यांचा फोन यायचा.

“मॅडम, ग्रुपवर फोटो आला म्हनते, पन इथी नुसतं गोल गोल फिरून राह्यलं. काय हाय त्याच्यात, सांगा ना जी.”

मी सांगायची. “पहिल्या चौकटीत साहेब आहेत.”

“तोंड तसंच?”

“परातीसारखं.”

“हां. मंग?”

मी एकेक चौकट सांगत जायची. शेवटच्या वाक्यानंतर ते थोडा वेळ गप्प राहायचे, जणू ते चित्र स्वतःच्या डोळ्यांसमोर पुरं करून घेत आहेत, आणि मग हळूहळू हसू यायचं. खोलवरून येणारं हसू होतं ते. चाळीस दिवसांच्या तिकिटाचं कार्टून सांगितलं तेव्हा त्यांनी दिवसांचा आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाले, “मॅडम, माह्यं अँटेनाचं तिकीट तुमी असंच तीन डाव उघडलं.” आणि मग हसले. मीही हसले.

अँटेनाची गोष्ट अशी होती. एटापल्लीच्या केंद्रावर इंटरनेटसाठी छतावर एक अँटेना बसवली होती. तिची दिशा सरकली होती की तार कुजली होती, कुणालाच नीट माहीत नव्हतं. पुण्याहून माणूस पाठवायचा तर खर्च, म्हणून तिकीट फिरत राहिलं. पावसाळ्यात तर दिवसच्या दिवस लिंक नसायची. एकदा मी फोनवर विचारलं, “मग भाऊ, तुम्ही रोजची फाइल पाठवता कशी?”

“पान्याच्या टाकीवर चढतो जी.”

“कुठल्या टाकीवर?”

“केंद्राच्या मागं हाय ना उंच टाकी. लोखंडी शिडी हाय तिले. ल्यापटॉप पिशवीत टाकतो, खांद्याले लावतो, वर जातो. तिथी मोबाइलले नेटच्या दोन कांड्या येते. फाइल गेली का उतरतो.”

त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं. एखादा माणूस सांगतो ना, की आमच्याकडे नळ सकाळी येतो, म्हणून सकाळीच भरून ठेवतो, तसं. तक्रार म्हणून नाही. मला मात्र फोन ठेवता ठेवताच चौकटी दिसायला लागल्या.

टाकी मला पुरेशी गमतीची वाटली नाही. मी झाड काढलं. पहिल्या चौकटीत धोतर नेसलेला, डोक्याला दुपट्टा बांधलेला एक माणूस लॅपटॉप घेऊन झाडाखाली उभा. दुसरीत तो मधल्या फांदीवर. तिसरीत शेंड्यावर, आणि शेजारी बसलेलं वानर त्याला विचारतंय, “ओटीपी आला का?” खाली साहेब उभे, परातीसारखं तोंड वर करून म्हणतायत, “रेंज आली असेल तर मीटिंगला या.”

भाऊ पँट-शर्ट घालायचे. वर्षातून एकदा प्रशिक्षणाला चंद्रपूरला येत, तेव्हा मी त्यांना पाहिलेलं होतं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मग मी धोतर का काढलं? झाड का काढलं? मी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. वडील तिथल्या वीज केंद्रात होते. पुण्याचा कुणी फोनवर विचारायचा, “तुमच्याकडे म्हणे रस्त्यावर वाघ फिरतात, खरं का?” तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. चंद्रपूर काय जंगल आहे का, असं मी दहा वेळा ऐकवलं असेल. आणि एटापल्ली काढायची वेळ आली तेव्हा माझ्या पेनातून झाड, धोतर आणि वानर निघालं. तोवर मी एटापल्ली कधी पाहिलीही नव्हती.

ते माझं सगळ्यांत गाजलेलं कार्टून. दुपारपर्यंत पुण्याला पोचलं. पुढच्या सोमवारी मीटिंगची सुरुवातच त्याने झाली. मोठ्या पडद्यावर ते दाखवून पुण्याच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, “कुणी काढलंय हे? फार छान.” आमच्या साहेबांनी माझं नाव सांगितलं. माझे कान गरम झाले, आनंदाने.

त्या रविवारी मी भद्रावतीला गेले. निवृत्तीनंतर आई-वडिलांनी तिथे लहानसं घर बांधलं आहे. मोबाइलवर वडिलांना कार्टून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, दोनदा पाहिलं. वडील तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये पाळ्या करून आलेले. आमच्या लहानपणी पेपरात ऑफिसावरची कार्टूनं यायची, साहेब आणि कारकुनाची, तीसुद्धा ते असंच गंभीरपणे वाचायचे.

“हा मानूस कोन हाय?” त्यांनी विचारलं.

“आमच्या एटापल्लीच्या केंद्रावरचे भाऊ.”

“त्यानं पाह्यलं?”

“त्यांच्याकडे फोटो उघडत नाही, बाबा.”

“मंग सांगतलं त्याले?”

“नाही अजून.”

वडिलांनी मोबाइल परत दिला आणि चष्मा काढून ठेवला. एवढंच. आईने पोहे आणले आणि विषय संपला. पण मी भाऊंना ते कार्टून सांगितलं नव्हतं, हे खरं होतं. त्या आठवड्यात त्यांचा नेहमीसारखा फोन आला, “काय काडलं या डाव?” तेव्हा मी म्हणाले, “या वेळी काही खास नाही, भाऊ.” बाकीची सगळी मी हसत हसत सांगितली होती. हे एकच माझ्या तोंडून निघालं नाही. का निघत नाही हे स्वतःला विचारायला हवं होतं, पण समोर दुसरा फोन वाजत होता.

नंतर जे केलं ते मी कुणाच्या सांगण्यावरून केलं नाही. भाऊंनी अँटेनाचं तिकीट पुन्हा टाकलं. चौथ्यांदा. महिन्याचा शेवटचा दिवस होता, यादी हिरवी करायची घाई होती, आणि टेबलाभोवती चार जण उभे होते. एकाने म्हटलं, “यांना सांगा, झाडावर रेंज आहे.” सगळे हसले. मी तिकिटाला उत्तर म्हणून ते कार्टून जोडलं आणि तिकीट बंद केलं. पुन्हा एकदा सगळे हसले. उद्या सकाळी हे परत उघडायचं आणि खरं उत्तर लिहायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. उद्या सकाळी नवा महिना होता, नवी यादी होती. मी विसरले.

साधारण पंधरा दिवसांनी प्रशिक्षणासाठी भाऊ चंद्रपूरला आले. जेवणाच्या सुटीत फळ्यासमोर उभे राहून एकेक कार्टून पाहत होते. जी त्यांनी फक्त ऐकली होती ती आता डोळ्यांनी पाहत होते, आणि मधूनच मान हलवत होते. झाडाचं कार्टून मधोमध लावलेलं होतं. मी चहाचे दोन कप घेऊन त्यांच्या शेजारी गेले. एक त्यांच्या हातात दिला.

“चांगलं काडता तुमी, मॅडम,” ते म्हणाले. “हात साफ हाय.”

“भाऊ, ते झाडाचं आपलं गंमत म्हणून...”

“नाई, गंमतच हाय ते.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “फक्त मी झाडावर नाई चढत जी. टाकीवर चढतो. झाडावर चढून कोनाले रेंज भेटन?”

ते हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. एखाद्या दाखल्यात नाव चुकलं असेल तर माणूस जसं सांगतो, तसं सांगितलं त्यांनी. मी म्हणाले, “चुकलं माझं, बदलते मी.” ते म्हणाले, “राहू द्या. लोकाइले आवडलं ना.” आणि कप ठेवून प्रशिक्षणाच्या खोलीत गेले.

त्यानंतर त्यांचे फोन बंद झाले. ‘काय काडलं’ विचारणारे तर बंद झालेच, पण तिकिटंही यायची थांबली. पहिल्या महिन्यात मला वाटलं, अँटेना सुधारली असेल. दुसऱ्या महिन्यात वाटलं, आपण फोन करून विचारावं. पण विचारलं तर त्या कार्टूनचं बोलणं निघेल, या संकोचाने केला नाही. तिसऱ्या महिन्यातही एटापल्लीचं एकही तिकीट आलं नाही.

सोमवारच्या मीटिंगमध्ये पडद्यावर सगळ्या केंद्रांची यादी होती. एटापल्लीपुढे शून्य, आणि सगळी ओळ हिरवी. पुण्याचे साहेब म्हणाले, “हे केंद्र बघा. इतकं दुर्गम, तरी एक तक्रार नाही.” मग पुढच्या पानावर पुढच्या वर्षाच्या कंत्राटाचं आलं. खर्च कमी करायचा होता. ज्या केंद्रांवर तक्रारी नाहीत तिथे स्वतंत्र माणूस ठेवायची गरज नाही, ती केंद्रं जवळच्या तालुक्याच्या माणसाने सांभाळावीत, असं ठरलं. अशी तीन केंद्रं होती. त्यांत एटापल्ली पहिली.

आमच्या साहेबांनी विचारलं, “कुणाला काही बोलायचंय?”

माझा माइक बंद होता. तो चालू करायला एक बोट पुरे होतं. मला ठाऊक होतं की तिकडे तक्रार नाही याचा अर्थ बिघाड नाही असा होत नाही. पण सांगायचं झालं तर हेही सांगावं लागणार होतं की ती तक्रार बंद कुणी केली आणि उत्तरात काय जोडलं. मी बोलले नाही. हातात पेन होतं, समोर कागद होता, आणि त्यावर मी चौकटी आखत बसले होते. आत काहीच काढलं नाही.

महिनाअखेरीला भाऊंकडून यंत्रांचा ताबा घ्यायला कुणीतरी जायचं होतं. मी जाते म्हणाले. साहेबांना आश्चर्य वाटलं. सकाळच्या एसटीने निघाले. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली, आणि आलापल्लीला गाडी बदलून पुढे. एटापल्लीला उतरले तेव्हा दुपार झाली होती. भाऊ स्टँडवर घ्यायला आले होते. तोच इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

“तरास झाला असन तुमाले,” ते म्हणाले. “जेवून घ्या पहिले.”

घरून त्यांनी डबा आणला होता. भात, वरण, अंबाडीची भाजी. मी जेवले. मग आम्ही केंद्रावर गेलो. दोन खोल्या, बाहेर व्हरांडा, व्हरांड्यात दहा-बारा माणसं भिंतीला टेकून बसलेली. एक म्हातारी बाई भाऊंना पाहून उठली आणि माडियात काहीतरी विचारू लागली. भाऊंनी तिला हात दाखवून थांबायला सांगितलं.

“काय म्हणतात त्या?” मी विचारलं.

“आज अंगठा होईन का म्हनते. तिसऱ्या डावानं आली बुडी. सात-आठ कोस दूर हाय तिचं गाव. मागच्या दोन्ही डाव लिंक नव्हती.”

“मग तिकीट का नाही टाकलं, भाऊ?”

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. कपाट उघडून सामान काढायला लागले. प्रिंटर एक, अंगठ्याची यंत्रं दोन, लॅपटॉप एक, तारांची पिशवी. सगळं पुसून, यादी करून ठेवलेलं. सगळ्यांत शेवटी त्यांनी एक जाड वही काढली.

“ही पन घेऊन जा. कंपनीची नोहे, मी आपल्या मनानं लिवत होतो. पुढच्या मानसाले कामी येईन.”

मी वही उघडली. रोजची तारीख, काय बिघडलं, किती वेळ बिघडलं, किती माणसं परत गेली. सुबक, उभं अक्षर. आमच्या पडद्यावर जे तीन महिने शून्य होते, ते इथे पानामागून पान भरलेले होते. मी मागे मागे जात राहिले आणि त्या दिवसापाशी आले, ज्या दिवशी मी त्यांचं चौथं तिकीट बंद केलं होतं. तिथे लिहिलं होतं: ‘अँटेना. तिकीट बंद झालं. उत्तरात चित्र आलं आहे, उघडत नाही. टाकीवर जाऊन उघडतो.’ त्याच्याखाली त्या दिवशीचं आणखी काही लिहिलेलं नव्हतं.

“भाऊ, हे...” मी बोट ठेवलं.

ते वहीवर वाकले, वाचलं. “हां. ते. मले वाटलं जोडनीचं चित्र असन. तार कुठी लावाची, कोनती कुठी, ते दाखवलं असन म्हनलं. तुमी चित्र चांगले काडता, म्हनून तुमीच काडून पाठवलं असन.” त्यांनी बाहेर हात दाखवला. “व्हरांड्यात लोक होते. त्याइले म्हनलं, बसा, चंद्रपूरहून उत्तर आलं, आता होते आपलं काम. वर गेलो. उघडलं.”

मला वर पाहवेना. व्हरांड्यातून बोलण्याचे आवाज येत होते.

“मंग उतरलो,” ते म्हणाले. “लोकाइले सांगतलं, आज नाई होत.”

“मला फोन का नाही केला? शिव्या तरी द्यायच्या होत्या.”

“शिव्या कायले? मी इचार केला, मॅडमलेच असं वाट्टे, तं मंग बाकीच्याइले सांगून काय फायदा.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “तुमी माह्याशी फोनवर हासत होत्या ना, मले वाटे आपन दोघं मिळून साहेबाले हासून राह्यलो.”

मी माफी मागितली. नीट शब्दांत मागितली, बसमध्ये मनाशी जुळवून आणली होती तशीच. ते “असू द्या, असू द्या” म्हणाले. ते असू द्या म्हणणं मला आजही कळलेलं नाही. माफ केलं म्हणून होतं, की विषय संपवायचा म्हणून.

ताबा दिल्या-घेतल्याची यादी पुण्याला लगेच पाठवायची होती आणि लिंक नव्हती. भाऊंनी लॅपटॉप पिशवीत घातला, खांद्याला लावला आणि मागच्या बाजूला निघाले. मी त्यांच्या मागे गेले. टाकी माझ्या कल्पनेपेक्षा बरीच उंच होती. शिडी गंजलेली, खालच्या दोन पायऱ्या नाहीतच. त्यांनी चपला काढल्या, पहिल्या दांडीला लोंबकळून वर पाय घेतला आणि चढू लागले. अर्ध्यावर थांबून दम घेतला. शर्ट पाठीला चिकटला होता. मी खाली उभी राहून पाहत होते आणि ओरडून सांगावंसं वाटत होतं की उतरा, राहू द्या ती यादी. नोकरी गेलेला माणूस, नोकरी गेल्याचा कागद पाठवायला चढत होता. पण ओरडले नाही, ते दचकतील म्हणून. वर पोचल्यावर ते बराच वेळ मोबाइल हातात धरून उभे राहिले. शेवटी खालच्या अंगाला वाकून म्हणाले, “गेली.”

उतरल्यावर त्यांनी आधी त्या म्हातारीकडे जाऊन काहीतरी सांगितलं. आज वर नेहमीपेक्षा जास्त कांड्या दिसल्या होत्या म्हणून त्यांनी मोबाइल खिडकीत ठेवून प्रयत्न करून पाहिला. तिचा अंगठा चौथ्या प्रयत्नात लागला. ती निघून गेली. बाकीच्यांचं त्या दिवशी झालं नाही.

चंद्रपूरला परत आल्यावर मी वहीची पानं स्कॅन केली आणि पुण्याला मोठं पत्र लिहिलं. त्यात माझी चूकही लिहिली, काही न लपवता. दोन आठवड्यांनी उत्तर आलं, ‘नोंद घेतली आहे.’ साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. वर ती फ्रेम होतीच. ते म्हणाले, “तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. चेष्टा होती ती. आणि निर्णय आकड्यांवर झालाय, तुमच्या कार्टूनवर नाही.” मी म्हणाले, “आकडा कार्टूनमुळेच शून्य झाला, सर.” त्यांनी खांदे उडवले. माझ्यावर कारवाई झाली नाही. झाली असती तर बरं वाटलं असतं, असं मी पुष्कळदा म्हणते, पण ते म्हणायलाही सोपंच आहे.

पुढे सहा-सात महिन्यांनी तिथल्या लोकांनी वर अर्ज केले, तेव्हा अँटेना बदलली. काम एका दिवसाचं निघालं. एक तार आतून कुजली होती. केंद्र आता बऱ्यापैकी चालतं असं ऐकते. तिथे पूर्णवेळ माणूस मात्र पुन्हा नेमला नाही. शेजारच्या तालुक्याच्या केंद्रावरचा मुलगा आठवड्यातून दोन दिवस जातो.

फळ्यावरची कार्टूनं मी काढून टाकली. सुरुवातीला सगळ्यांनी विचारलं, मग विसरले. आता ऑफिसात नवी मुलं आहेत. ती मोबाइलवर आयती कार्टूनं एकमेकांना पाठवतात, साहेबाची, मीटिंगची, तिकिटांची. मला दाखवतात. चांगली असतात. मला हसूही येतं, ते मी नाकारत नाही. माझ्या टेबलावर आलेलं तिकीट बंद करण्याआधी मी केंद्रावर फोन करून त्या माणसाला विचारते, झालं का खरंच. त्यामुळे माझी यादी नेहमी लाल असते आणि दरवर्षी माझ्या कामावर शेरा येतो.

भाऊंनी आलापल्लीला झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं लहान दुकान टाकलं आहे, धानाची शेती सांभाळून. मला हे दुसऱ्याकडून कळलं. मागच्या महिन्यात धीर करून फोन लावला. त्यांनी लगेच उचलला आणि आवाजही ओळखला.

“बोला मॅडम. तब्येत बरी?”

मी बरी म्हणाले. दुकान कसं चाललंय विचारलं. ते म्हणाले, “चाललं आपलं. निकालाचे दिवस हाय, पोरं येऊन राह्यले.” मागे मशीनचा आवाज येत होता. मी म्हणाले, “भाऊ, एकदा येऊन जाईन म्हणते तिकडे.”

“या ना, कवाही या,” ते म्हणाले. मग कुणीतरी त्यांना हाक मारली. “मॅडम, गिऱ्हाईक हाय समोर. मंग करतो मी फोन.”

अजून आलेला नाही. मीही पुन्हा केलेला नाही.